सुट्या नोंदी पुसू नका : सामायिक वंशावळ संग्रहाच्या संपादक मंडळास खुले पत्र

प्रति,
संपादक मंडळ, सामायिक वंशावळ संग्रह,
आणि या संग्रहाला आपापले कुलवृत्तांत देणारी सर्व कुलमंडळं

स. न. वि. वि.

आपल्या ताज्या परिपत्रकात तीन निर्णय आहेत. ज्या व्यक्तीची नोंद कोणत्याही घराण्याच्या वंशवेलीला जोडलेली नाही, ती येत्या पाडव्यानंतर संग्रहातून काढून टाकली जाईल. नवी नोंद करताना मूळ गाव भरणं सक्तीचं राहील आणि ते गाव त्या कुळाच्या मान्य यादीतलंच असावं लागेल. संदर्भाचा स्वतंत्र रकाना बंद होऊन तो मजकूर यापुढे ‘शेरा’ या रकान्यात जाईल. कारण असं दिलं आहे, की संग्रह स्वच्छ हवा आणि कुलसंमेलनात पडद्यावर दाखवताना वंशवेल एकसंध दिसायला हवी.

हे पत्र लिहिणारे आम्ही मोडी कागद वाचणारे, तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे तीर्थक्षेत्री यात्रेकरूंच्या नोंदी ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वह्यांतली पानं उतरवून आणणारे, जुन्या फेरफारांत आणि कोतवाल बुकात (गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत) डोकं घालणारे लोक आहोत. संग्रहातल्या सुट्या नोंदींपैकी बऱ्याचशा आमच्या हातून गेल्या आहेत. पुसायला काढलेलं काम आमचं, म्हणून बोलायचा हक्क आहे असं आम्ही समजतो. पत्र मात्र उघडपणे लिहितो आहोत, कारण ज्यांच्या खापरपणज्यांच्या या नोंदी आहेत त्यांना त्या अशा जाणार असल्याची गंधवार्ताही नाही.

सुटी नोंद म्हणजे काय, हे मंडळाला माहीत आहेच; वाचकांसाठी सांगतो. माणूस एका गावचा आणि कागद दुसऱ्या गावचा. ‘साकीन (राहणार) मौजे अमुक, तर्फ तमुक, हल्ली मुक्काम सागर’ असं लिहिलेला, मध्य प्रदेशातल्या सागर शहरातला एखादा मोडी कागद. गयेच्या उपाध्यायाच्या वहीतली चार नावांची ओळ. बडोदे संस्थानातल्या कारकुनाच्या नेमणुकीचा हुकूम. मॉरिशसला उतरलेल्या गिरमिटियाच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुराच्या, नावापुढचं ‘जिल्हा रत्नागिरी’. कागदावरून एवढंच कळतं, की हा माणूस अमक्या बाजूचा, बहुधा अमक्या कुळातला. कोणाचा मुलगा, कोणत्या घरचा, हे त्या एका कागदावर ठरत नाही. ठरेपर्यंत नोंद सुटी राहते. इंग्लंडमधली परगण्यापरगण्यांतली कुटुंब-इतिहास मंडळं अशा नोंदी मुद्दाम वेगळ्या काढतात आणि माणूस ज्या परगण्यातला, तिथल्या मंडळाकडे पाठवतात. तिथे हे काम बिनीचं समजलं जातं. आपल्याकडे त्याला कचरा म्हणायचं ठरलेलं दिसतं.

सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ. मोरोपंत तांबे यांची मुलगी मनकर्णिका. जन्म काशीचा, बालपण बिठूरचं, १८४२ मध्ये लग्न झाशीला, जून १८५८ मध्ये मृत्यू ग्वाल्हेरला. आयुष्यातली एकही मोठी घटना आजच्या महाराष्ट्रात घडलेली नाही. लग्नात नाव बदलून लक्ष्मीबाई झालं, आडनाव नेवाळकर. १८५३ मध्ये दत्तक घेतलेला मुलगा नेवाळकरांच्याच भाऊबंदांतला आनंदराव. दत्तविधानानंतर तो दामोदरराव झाला आणि त्याचं पुढचं आयुष्य इंदूरला गेलं. राणी होती म्हणून हे सगळे धागे जोडलेले राहिले. बिठूर-झाशीला तिच्या आगेमागे वावरणाऱ्या कारकुनांच्या, पुराणिकांच्या, आचाऱ्यांच्या, शिलेदारांच्या घरांतही हेच घडलं. त्यांच्यापैकी कित्येकांचा फार तर एखादा कागद उरला असेल. तुमच्या नव्या नियमानं असा कागद संग्रहात येऊच शकत नाही, आणि आधी आला असेल तर पाडव्याला जातो.

आता तक्रारी.

पहिली तक्रार मूळ गावाच्या सक्तीची. सक्तीचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून माणूस त्यात अंदाज भरतो. आणि एकदा भरलेला अंदाज पुढच्या माणसाला पुरावा वाटतो. ‘खेड’ एवढंच लिहिलेलं असेल तर रत्नागिरीतलं की पुण्यातलं? पुण्यातलं खेड आज राजगुरुनगर आहे, तेव्हा यादीतून निवडणारा सरळ रत्नागिरीवर बोट ठेवणार. वडगाव, पिंपळगाव, शिरगाव यांची तर गणतीच नको. बुद्रुक-खुर्द जुन्या कागदात बऱ्याचदा गळालेलं असतं. त्यात हद्दी हललेल्या. १९८१ पूर्वीच्या कागदात सिंधुदुर्ग जिल्हा सापडणार नाही, सगळं रत्नागिरीतच, रायगड तेव्हा कुलाबा, जालना औरंगाबादमध्ये. पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात. पेशवाईच्या कागदात याहून निराळंच, तिथे तालुके सुवर्णदुर्ग आणि अंजनवेल अशा किल्ल्यांच्या नावांचे. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे कराचीत नोकरीला असलेल्या मराठी कारकुनाच्या कागदावर ‘इलाखा मुंबई’ असतं आणि घाईत वाचणारा ते मुंबई शहर समजून मोकळा होतो.

मान्य यादीचा प्रकार आणखी वाईट. कुलवृत्तांत छापताना ज्या गावांहून पत्रांना उत्तरं आली, तीच गावं यादीत आली. ज्या शाखेनं उत्तर दिलं नाही तिचं गाव यादीत नाही, आणि सुटी नोंद बहुतेक वेळा त्याच शाखेची असते. म्हणजे जिथून हरवलेला माणूस मिळायचा, नेमका तोच दरवाजा तुम्ही लावून घेतला.

गाव हलतं तसं आडनावही हलतं. नेवऱ्याचे गोविंद बल्लाळ खेर इतिहासात गोविंदपंत बुंदेले म्हणून ओळखले जातात. तंजावरकडे गेलेल्यांचं उपनाव पुष्कळदा गळून जातं आणि वडिलांच्या नावाचं आद्याक्षर व ‘राव’ एवढं उरतं. हिंदी मुलखात ‘ळ’ नाही, म्हणून काळे ‘काले’ होतात, गोळे ‘गोले’. धार-देवासचे पवार इंग्रजी कागदात वेगळ्याच वेशात येतात. मॉरिशसला वडिलांचं किंवा स्वतःचंच नाव पुढच्या पिढीचं आडनाव झालं आणि ते फ्रेंच कानानं ऐकून लिहिलं गेलं. आता या माणसांना ‘कूळ निवडा’ अशा यादीतून कूळ निवडायला लावणार आहात का?

दुसरी तक्रार सगळ्यात मोठी आहे आणि तिच्यावर आम्ही जरा रेंगाळणार आहोत. पाडव्याची मुदत घातल्यामुळे आता नोंदी वाचवण्यासाठी जोडण्या सुरू झाल्या आहेत. कुठे तरी जोडलं की नोंद राहते, मग जोडा. यंत्रही हाताशी आहे : नाव, वडिलांचं नाव, उपनाव आणि तालुका जुळला की संग्रह ‘जोडणी सुचवली आहे’ असं दाखवतो आणि एका कळीसरशी दोन माणसांचा एक माणूस होतो.

मराठी घरांत ही चाल का फसते? आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत. गोविंद रामचंद्र, त्याचा मुलगा रामचंद्र गोविंद, त्याचा मुलगा पुन्हा गोविंद रामचंद्र. एकाआड एक पिढीत तेच नाव, तेच वडिलांचं नाव, तेच उपनाव, तेच गाव. दोन पिढ्यांचं अंतर म्हणजे पन्नास-साठ वर्षं. चुलत घरातही तीच नावं फिरत असतात, कारण आजोबा दोघांचे एकच. म्हणजे यंत्राला जे चार रकाने पुरेसे वाटतात, ते आपल्याकडे कुटुंब ओळखायला पुरतात. माणूस ओळखायला पुरत नाहीत. त्यासाठी किमान आजोबांचं नाव, नाहीतर बायकोचं किंवा भावाचं नाव, नाहीतर पक्की तारीख लागते. त्यातही बल्लाळ आणि बाळाजी, त्रिंबक आणि त्र्यंबक, महादाजी आणि महादेव ही नावं एकाच माणसाची असू शकतात आणि दोन वेगळ्या माणसांचीही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नाही, शब्द तोडून लिहीत नाहीत. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा; ‘रामाजीबिनहरी’ असं सलग आलं की कुठे तोडायचं यावर बाप बदलतो.

आणि तारीख पक्की कधी असते? पेशवाईच्या कागदांत येणाऱ्या सुहूर सनात वर्ष अरबी शब्दांत, अक्षरी लिहिलेलं असतं. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. त्यात मृगापासून (जूनच्या सुरुवातीपासून) डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळवायचे की इ. स. १७६०-६१ येतं, पानिपतचं साल. यात ‘सितैन’ साठ आणि ‘तिसैन’ नव्वद. मोडीत पहिली दोन अक्षरं उलटी वाचली गेली की तीस वर्षं इकडची तिकडे, म्हणजे एक आख्खी पिढी. ‘मया’ आणि ‘मयातैन’ यांची गल्लत झाली की शंभर वर्षं. दख्खनी फसली या महसुली सनात ५९०-५९१ मिळवायचे, शकात ७८-७९, उत्तरेतल्या विक्रम संवतातून ५७-५६ वजा करायचे, आणि गुजरातकडे तो संवत कार्तिकात बदलतो हे बडोद्याच्या कागदांसाठी लक्षात ठेवायचं.

महिन्याचा घोळ तर याहून सुबक. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. आपला भाद्रपद वद्य पक्ष, म्हणजे पितृपक्ष, तिकडे आश्विन कृष्ण पक्ष असतो. गयेला माणसं जातात मुख्यतः पितृपक्षातच. तेव्हा गयेच्या वहीतली ‘आश्विन कृष्ण’ तिथी आपल्या पंचांगानं इंग्रजीत नेली, की माणूस प्रत्यक्षापेक्षा महिनाभर उशिरा गयेला पोचतो. एका महिन्यानं काय बिघडतं? वडिलांचं वर्षश्राद्ध आधी की मुलाची मुंज आधी, असे प्रश्न त्याच महिन्यात सुटत असतात. म्हणून आम्ही मूळ तिथी, कोणती गणना आणि काढलेली इंग्रजी तारीख असे तीन रकाने मागितले होते. संग्रहात आजही एकच आहे आणि त्यात फक्त इंग्रजी तारीख बसते.

अशा परिस्थितीत घाईनं केलेली जोडणी ही न जोडलेल्या नोंदीपेक्षा कितीतरी जास्त नुकसान करते. सुटी नोंद निदान आपण सुटी आहे हे कबूल करते. चुकीची जोडणी मात्र खाली पाच पिढ्यांना चुकीचा पूर्वज देते आणि ज्यांचा तो खरा पूर्वज होता त्यांच्या शोधातून तो माणूस गायब होतो. तुमच्या संग्रहात दोन नोंदी एक केल्या की दुसरीचा मूळ मजकूर पुसला जातो, मागे फिरता येत नाही. हे दुरुस्त न करता मुदत घालणं म्हणजे लोकांना चुका करायला भाग पाडणं आहे.

यात कायद्याचाही भाग आहे. जातपडताळणीच्या प्रकरणांत वंशावळ जोडावी लागते; गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, तिथे महत्त्वाचा पुरावा ठरते. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर लोक तुमच्या संग्रहातली वंशवेल छापून अर्जाला लावू लागले, हे तुम्हीच मागच्या संमेलनात अभिमानानं सांगितलंत. मग त्या वंशवेलीतल्या कोणत्या फांद्या कागदावर उभ्या आहेत आणि कोणत्या यंत्राच्या सूचनेवर, हे अर्जदाराला दिसायला नको का? खोटी जोडणी पडताळणीत उघडी पडली तर त्रास त्याला होणार, संग्रहाला नाही.

तिसरी तक्रार संदर्भाच्या रकान्याची. ‘शेरा’ हा मोकळा रकाना आहे. त्यात ‘काकांनी सांगितले’ हेही बसतं आणि इनाम कमिशनपुढे दिलेल्या कैफियतीतली वंशावळही बसते, आणि पडद्यावर दोन्ही एकाच मापाच्या अक्षरांत दिसतात. १८५२ च्या कायद्यानं इनामांची चौकशी झाली तेव्हा इनामदारांनी आपली वंशावळ लिहून दिली. त्यांना इनाम राखायचं होतं, म्हणून तीत सोयीची दत्तकं आणि गाळलेले भाऊ असू शकतात. कागद अस्सल, मजकूर हितसंबंधी. हे सगळं संदर्भाच्या रकान्यात सांगता येतं : कोणतं दफ्तर, रुमाल (कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं) क्रमांक, कागदाचा क्रमांक, पान, कोणी वाचलं, कधी वाचलं, फोटो आहे की नुसती नक्कल. गेडकॉम फाइलमध्ये, म्हणजे वंशावळ एका प्रणालीतून दुसरीत नेण्याच्या ठरलेल्या स्वरूपात, संदर्भासाठी वेगळी जागा असते आणि पुराव्याच्या खात्रीला ० ते ३ असा आकडा द्यायचीही सोय आहे. ग्रॅम्प्ससारख्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत खात्रीच्या पाच पायऱ्या आहेत. संदर्भ शेऱ्यात ढकलला की फाइल बाहेर काढताना हे सगळं एका टिपेत कोंबलं जातं आणि दुसऱ्या कुठल्याही प्रणालीत त्यावर शोध घेता येत नाही.

चौथी, ‘निर्वंश’ या शिक्क्याबद्दल. छापील कुलवृत्तांतांत ‘पुढील माहिती मिळाली नाही’ असं जिथे होतं, तिथे संगणकात भरताना कित्येक ठिकाणी ‘निर्वंश’ निवडलं गेलं आहे, कारण यादीत ‘माहीत नाही’ हा पर्यायच ठेवलेला नाही. ज्यांच्यापुढे ‘निर्वंश’ आलं त्यांच्याकडे जोडणीसाठी कोणी बघत नाही. यंत्र तर नाहीच नाही. परागंदा झालेला धाकटा भाऊ, पलटणीत गेलेला मुलगा, संन्यास घेऊन नाव बदललेला काका, गिरमिटावर गेलेला शेतमजूर, सगळे याच शिक्क्याखाली गाडले गेले आहेत. सुटी नोंद आणि ‘माहिती नाही’ अशी फांदी ही एकाच कागदाची दोन फाटकी टोकं असतात. तुम्ही एक टोक जाळता आहात आणि दुसऱ्यावर ‘संपलं’ असं लिहिता आहात.

पलटणीचं बघा. पहिल्या महायुद्धात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. एप्रिल १९१६ मध्ये ते ठाणं पडलं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या याद्यांत अनेक हिंदी शिपायांच्या नावापुढे वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला आहे. नावं इंग्रजी कारकुनानं ऐकून लिहिलेली, पण नेमणूक क्रमांक पक्का. कित्येक गावांच्या चावडीत ‘या गावातून इतके गेले, इतके कामी आले’ अशी दगडी पाटी आजही आहे, तिच्यावर नावं नाहीत. पाटीचा आकडा आणि याद्यांतली नावं शेजारी ठेवणं हे सुट्या नोंदींचंच काम. अशी नोंद संग्रहात घालायला गेलं की ‘घराणं निवडा’ म्हणून अडते.

पाचवी तक्रार बायकांची, आणि ही परिपत्रकाच्याही आधीपासूनची आहे. लग्न होऊन गेलेली प्रत्येक मुलगी ही माहेरच्या कुळाच्या दृष्टीनं परठिकाणची नोंदच. सासरच्या कुलवृत्तांतात ती ‘माहेरची अमुक, वडील तमुक, गाव अमुक’ अशी असते. माहेरच्या कुलवृत्तांतात बऱ्याचदा नसतेच, किंवा ‘एक कन्या’ एवढीच असते. म्हणजे प्रत्येक कुळाचा वृत्तांत हा बाकी सगळ्या कुळांच्या हरवलेल्या मुलींची यादी आहे. सामायिक संग्रह काढण्याचं याहून मोठं कारण आम्हाला तरी सापडत नाही. गाव नमुना सहा-क, वारसांची नोंदवही, यात लग्न झालेल्या मुलींची नावं सासरच्या आडनावासह येतात. ती दोन्ही कुळांना जोडणारी सरकारी नोंद आहे. तुमच्या संग्रहात बायकोची नोंद नवऱ्याच्या नोंदीचा पोटरकाना म्हणून होते, तिला स्वतःचा क्रमांक मिळत नाही. क्रमांक नाही म्हणून माहेरच्या वेलीला जोडता येत नाही. जोडता येत नाही म्हणून पाडव्याला जाणार.

आता, स्वच्छतेचा मुद्दा आम्हाला अगदीच अमान्य नाही. संग्रहात खरोखरचा कचरा आहे. ‘पानिपतावर गेलेले एक पूर्वज’ अशी, ना नाव ना कागद, केवळ घरातल्या आख्यायिकेवर घातलेली नोंद. एकाच वहीचं पान तिघांनी वेगवेगळं भरल्यामुळे झालेली तिप्पट नोंद. हयात माणसांचे पत्ते आणि जन्मतारखा, ज्या इथे असायलाच नकोत. हे काढा. कसोटी मात्र संदर्भाची लावा, जोडणीची नको. कागदाचा ठावठिकाणा सांगणारी नोंद सुटी असली तरी राहिली पाहिजे, आणि ठावठिकाणा न सांगणारी नोंद वेलीला जोडलेली असली तरी तिच्यावर प्रश्नचिन्ह पाहिजे.

सुटी नोंद भरायची कशी, हेही सांगतो, कारण नुसतं ‘पुसू नका’ म्हणून भागत नाही.

नाव कागदावर आहे तसंच, चुकीसकट, आणि शेजारी प्रमाण रूप वेगळ्या रकान्यात. ‘बिन’ व ‘वलद’ (अमक्याचा मुलगा) आणि ‘कोम’ (अमक्याची बायको) हे शब्द काढून टाकू नयेत; ‘सखू कोम रामा’ मध्ये रामा नवरा आहे, बाप नव्हे, आणि घाईत भरणारे नेमके तिथेच चुकतात. ठिकाणं दोन : घटना जिथे घडली ते आणि माणूस जिथला सांगितला आहे ते. दोन्हींना पुन्हा दोन रूपं, कागदातलं आणि आजचं. आजच्या गावाला २०११ च्या जनगणनेतला सहा आकडी गावकोड लावला की बुद्रुक-खुर्दचा आणि जिल्हा बदलल्याचा गोंधळ राहत नाही. गाव नक्की होत नसेल तर कोड रिकामा. कागदात आलेली बाकीची सगळी माणसं, म्हणजे साक्षीदार, जामीन, सोबत तीर्थाला आलेले, त्यांचीही नावं घ्यावीत. सुट्या माणसाचा पत्ता बहुधा त्याच्या जामिनामुळे लागतो, कारण जामीन राहणारा गाववाला किंवा मेहुणा असतो. तीर्थोपाध्यायाच्या वहीतली ओळ आख्खी उतरवावी. आपल्याला हवी ती दोन नावं उचलून बाकीची सोडून देणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक आहे. शिवाय वही कोणत्या उपाध्यायांची, गावाच्या क्रमानं लावलेली की उपनावाच्या, आणि तो लेख यात्रेकरूनं स्वतः लिहिला की उपाध्यायांनी जुन्या वहीवरून नव्या वहीत उतरवला, हे विचारून लिहावं. नव्या वहीत उतरवताना मधली पिढी गळालेली आम्ही पुष्कळदा पाहिली आहे.

शेवटी संभाव्य जोडणी. ‘हा बहुधा अमक्या घराण्यातल्या अमक्याचा मुलगा, कारण असं, विरोधी पुरावा असा’ हे तीन वाक्यांत लिहावं, पण जोडू नये. जोडणी दोघा वेगळ्या वाचकांनी मूळ फोटो पाहून मान्य केल्यावर करावी.

हे आजच्या नोंदींनाही लागू आहे, नुसत्या मोडीला नाही. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानुसार घटना जिथे घडली तिथे नोंद होते. गावचा म्हातारा पुण्याच्या दवाखान्यात वारला की मृत्यूची नोंद पुण्यात, आणि गाव फक्त ‘कायमचा पत्ता’ या ओळीत. पन्नास वर्षांनी शोधणारा गावच्या ग्रामपंचायतीत जाईल आणि रिकाम्या हातानं परत येईल. आजच दोन ठिकाणांचे दोन रकाने ठेवले तर त्याचा हेलपाटा वाचेल.

जाता जाता शोधयंत्राचं. पुष्कळ कुलवृत्तांत श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत बसवलेले होते, ते युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटली आहेत. ‘ऱ्ह’ मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो, दिसायला एकच, यंत्राला वेगळा. म्हणून ‘गोऱ्हे’ शोधले की निम्मेच सापडतात. ज्यांना ‘नोंद मिळाली नाही’ असं उत्तर येतं ते नवी नोंद घालतात, आणि तुम्ही तिला दुबार नोंद म्हणून नावं ठेवता.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. पाडव्याची मुदत मागे घ्या. संदर्भ असलेली एकही सुटी नोंद पुसू नये. ‘अद्याप न जोडलेल्या’ असा वेगळा विभाग करून तो सर्वांना शोधता येईल असा उघडा ठेवावा.

२. मूळ गाव आणि कूळ यांची सक्ती काढा. दोन्हींत ‘कागदात नाही’ आणि ‘नक्की नाही’ असे दोन वेगळे पर्याय ठेवा. ‘निर्वंश’ च्या शेजारी ‘माहिती नाही’ आणा, आणि आधी भरलेले सगळे ‘निर्वंश’ छापील पानाशी ताडून पाहा. हे काम वाटून घ्यायला आम्ही तयार आहोत.

३. संदर्भाचा रकाना ठेवा, त्याला खात्रीचा आकडा जोडा, आणि तो आकडा वंशवेलीच्या छापील प्रतीवरही दिसू द्या.

४. जोडलेल्या नोंदी पुन्हा सुट्या करता आल्या पाहिजेत. कोणी, कधी, कशावरून जोडलं याची नोंदवही ठेवा. परिपत्रक निघाल्यापासून झालेल्या सर्व जोडण्या तोवर ‘तपासणी बाकी’ असं चिन्ह लावून ठेवा.

५. स्त्रियांना स्वतंत्र क्रमांक द्या, माहेर-सासर दोन्हींकडून जोडता येईल असा. दत्तकांनाही तसंच : जन्मघर आणि दत्तकघर, दोन्ही फांद्या जिवंत.

६. प्रत्येक कुलमंडळानं एक माणूस नेमावा, ज्याच्याकडे इतर कुळांच्या कामात सापडलेल्या आपल्या कुळाच्या सुट्या नोंदी पाठवता येतील. तिमाहीतून एकदा यादीची देवाणघेवाण झाली तरी पुरे.

यातल्या चौथ्या मागणीला संगणकाचं काम लागेल, वेळ लागेल, हे समजतो. पहिलीला एक ठराव पुरतो. तो ठराव होईपर्यंत, आणि झाला नाही तर पाडव्याच्या आधी किमान महिनाभर, सगळ्या सुट्या नोंदींची संपूर्ण गेडकॉम फाइल, शेऱ्यांसकट आणि फोटोंसकट, ज्या सभासदाला हवी त्याला उतरवून घेता येईल अशी ठेवावी. फोटोंची नावं बदलू नयेत. रुमाल आणि पान क्रमांक त्या नावांतच आहेत.

आपले,
मोडी वाचक व नोंद संकलक